थांबलेले घर

वाचकहो, जुन्या घरी परत जाण्याचा प्रसंग आपणांपैकी प्रत्येकावर केव्हा ना केव्हा आलेला असेल. कोणी पंधरा वर्षांनी आजोळी जातो आणि पाहतो तो विहीर बुजलेली असते. कोणी आखातातून रजेवर येतो आणि पडवीत बसणारे माणूस तेथे नसते. घर कोणासाठी थांबत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु मी आज ज्या घराविषयी लिहिणार आहे ते खरोखरच थांबले होते. एकदोन नव्हे, सोळा वर्षे थांबले होते. ते घर दगडमातीचे नव्हते, संगणकातील एका खेळातले होते, हे आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्यास पोरखेळाचे वेड लागले असे कोणास वाटले, तर त्याने थोडा धीर धरून पुढे वाचावे, एवढीच विनंती.

मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमचे मूळ घर माझ्या आजोबांनी बांधलेले. जांभ्या दगडाच्या भिंती, वर खानापूरच्या मातीची कौले, पुढे लांबलचक पडवी, मध्ये माजघर, परसदारी विहीर आणि दोन फणस. माझी आई १९३२ सालची. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन तो म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ साली त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. “मी आपली ओट्यावरच बसले आहे, पाटी तेवढी बदलते,” असे ती हसून म्हणे.

२००६ साली त्या घरात आम्ही आठ माणसे होतो. आई, आम्ही पतिपत्नी, आमची मुलगी व मुलगा, माझा धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि त्यांचा मुलगा. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिच्या शिक्षणासाठी म्हणून आम्ही बेळगावहून संगणक आणला, आणि तिच्या वाढदिवशी तिच्या काकाने तिला एका खेळाची पेटी आणून दिली. आत चार तबकड्या होत्या. खेळाचे नाव ‘द सिम्स २’.

हा खेळ नेमका काय, ते सांगणे अवश्य आहे. यात शर्यत नाही, लढाई नाही, जिंकणे-हरणेही नाही. आपण एक घर बांधावयाचे आणि त्यात माणसे वसवावयाची, इतकेच. आरंभी प्रत्येक कुटुंबास वीस हजार नाणी मिळतात. त्यांत जमीन, भिंती, खाट, शेगडी, सर्व भागवावयाचे. त्या माणसांना भूक लागते, झोप येते, अंगाला घाण येते, सोबतीवाचून ती कष्टी होतात. ज्याच्यावर आपले लक्ष असेल त्याच्या डोक्यावर एक हिरवा लोलक तरंगत असतो. माणसे कामावर जातात, बिले येतात, मुले जन्मतात, मोठी होतात, म्हातारी होतात आणि मरतात. आपल्या घड्याळाचा एक सेकंद म्हणजे त्यांचा एक मिनिट. आपली चोवीस मिनिटे म्हणजे त्यांचा एक दिवस.

माझ्या मुलीने त्यात आमचेच घर बांधले. फणसाचे झाड खेळात नव्हते, म्हणून दोन मोठी झाडे परसदारी लावली. एका खोलीत आलतार हवा होता. तोही नव्हता, म्हणून मेजावर दिवा ठेवून तिने काम भागविले. एका घरात आठ माणसांहून अधिक माणसे तो खेळ ठेवू देत नाही, आणि आम्ही बरोबर आठच होतो. “आपले घर पुरते भरले,” असे ती सर्वांना सांगत सुटली.

आई जपमाळेची प्रार्थना आटोपली की खुर्ची ओढून तिच्याजवळ बसे. एकदा तिने विचारले, “ही माणसे कोणती भाषा बोलतात ग?”

“कोणतीच नाही, आजी. नुसते आवाज आहेत.”

हे खरेच आहे. खऱ्या भाषेतील तीच तीच वाक्ये ऐकून खेळणारा कंटाळेल, म्हणून खेळ करणाऱ्यांनी अर्थहीन बोली मुद्दाम योजली होती. आई क्षणभर विचार करून म्हणाली, “बरे झाले. मग यांना कोणत्या राज्यात घालावे म्हणून कोणी भांडणार नाही.”

वीज गेली की जतन न केलेला सर्व खेळ पुसला जाई, आणि त्या काळी वीज आमच्याकडे रोजच जाई. तेव्हा आई म्हणे, “गेला बघ तुझ्या माणसांचा आजचा दिवस फुकट.”

या खेळाचा जन्म कसा झाला ते मला फार उशिरा कळले. विल राइट नावाचा गृहस्थ कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे राहत असे. १९९१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात तेथील डोंगरउतारावर वणवा पेटला. पंचवीस माणसे मृत्युमुखी पडली, तीन हजारांवर घरे जळाली, आणि त्यांत राइटचेही घर गेले. पुढे संसार पुन्हा उभारताना एकेक वस्तू नव्याने आणावी लागली. कोणती वस्तू आपणांस खरोखर लागते आणि कोणती उगाच जमविलेली होती, याचा विचार तो करू लागला, आणि त्यातून घर व घरातील माणसे यांच्या खेळाची कल्पना वाढत गेली. पहिला खेळ २००० सालच्या फेब्रुवारीत निघाला. दुसरा, म्हणजे आमच्या घरी आला तो, २००४ सालच्या सप्टेंबरात. वय वाढणे आणि पिढ्यांमागून पिढ्या येणे या गोष्टी या दुसऱ्या खेळात खऱ्या अर्थाने आल्या. जळालेल्या घराच्या राखेतून हा खेळ निघाला, हे वाचल्यापासून त्याला पोरखेळ म्हणण्यास माझी जीभ कचरते.

आता जे लिहावयाचे ते लिहिणे मला सोपे नाही. २००८ सालच्या ऑगस्टमध्ये आई वारली. मी तेव्हा शाळेत वर्गावर होतो. घरी पोहोचेपर्यंत सर्व आटोपले होते. पुढील वर्षी आम्हा भावांची वाटणी झाली. भावाला निपाणीस तंबाखूच्या वखारीत हिशेबनिसाची नोकरी मिळाली होती आणि तो आपला भाग विकून तेथे घर घेऊ पाहत होता. त्याचे म्हणणे एवढेच होते की दोन फणसांपैकी एक त्याच्या नावे राहावा. झाड कापण्यासाठी नव्हे. मे महिन्यात यावे, चार फणस न्यावेत, एवढ्यासाठी. मोजणीच्या दिवशी मी अंगणात चार माणसांदेखत त्याला म्हणालो, “ज्याने घर विकले, त्याला झाड कशाला? तुझा या घराशी संबंध संपला.” तो हातात फीत धरून उभा होता. त्याने ती गुंडाळली, खिशात घातली आणि तो निघून गेला. घेणाऱ्याने त्याचा अर्धा भाग पाडून तेथे स्लॅबचे घर बांधले. अंगणात भिंत आली. दोन्ही फणस माझ्याकडे राहिले.

त्यानंतर आमचे जाणेयेणे थांबले. लग्नकार्यात दुरून दिसलो असू, तेवढेच. मुलगी २०११ साली परिचारिकेच्या शिक्षणासाठी बेळगावी गेली, पुढे आयर्लंडमध्ये नोकरीस लागली. संगणक २०१२ सालच्या पावसाळ्यात बंद पडला. त्यातील हार्ड डिस्क मुलाने काढून फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली, आणि आम्ही तिला विसरलो.

२०२५ सालच्या मे महिन्यात मुलगी रजेवर आली. त्याच वर्षी ३१ जानेवारीस, खेळाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त, कंपनीने जुने दोन्ही खेळ आजच्या संगणकांवर चालतील असे पुन्हा विक्रीस आणले होते. मुलीने ट्रंक उघडली, ती डिस्क आपल्या संगणकास जोडली, जुने फोल्डर उचलून नव्या खेळात ठेवले, आणि एका संध्याकाळी आम्हांस हाक मारली, “आई, बाबा, इकडे या. आपले घर उघडले.”

पडद्यावर घर उभे होते. सबंध घर, त्याला अर्धे करणारी भिंत नव्हती. कौले जागच्या जागी, मागे दोन झाडे. खेळातील घड्याळात सायंकाळचे साडेसहा वाजले होते. पडवीत मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, केस काळेभोर. आणि स्वयंपाकघरात, शेगडीपुढे, पांढऱ्या केसांचा बुचडा बांधलेली आई उभी होती. लुगडे खेळात नव्हते, म्हणून मुलीने तिला पायघोळ झगा घातला होता. परंतु ती किंचित पुढे झुकून उभी होती, आणि तेवढे मला पुरे झाले. माझ्या पत्नीने डोळ्यांना पदर लावला.

या खेळाचा एक नियम मला तेव्हाच समजला. ज्या घरात आपण खेळत असू, तेथलीच घटका पुढे सरकते. इतर घरे आपण सोडली त्या क्षणावर थांबून राहतात. कोणी दहा वर्षांनी परत आला तरी माणूस त्याच पायरीवर, घास त्याच हातात.

पत्नीने विचारले, “भावोजी कोठे दिसत नाहीत?”

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने ते घर बंद केले आणि रस्त्यापलीकडचे दुसरे घर उघडले. लहानसेच घर होते. आत एक म्हातारा बसला होता. केस पांढरे, चेहऱ्यावर सुरकुत्या. “हे काका,” ती म्हणाली.

मग तिने सारे सांगितले. वाटणी झाली त्या आठवड्यात तिने मोठे घर एकदाच उघडले, काका-काकू व चुलतभाऊ यांना तेथून हलविले, त्यांना नवे घर बांधून दिले, आणि मोठ्या घराचे दार लावले ते कायमचे. तेथे पुढे खेळले असते तर आजी मेली असती. म्हणून ते तिने थांबवून ठेवले. परंतु काकाच्या घरी ती रात्री जात असे. आम्हांस वाटे मुलगी अभ्यास करते आहे. ती त्या घरात दूरध्वनी उचलून पलीकडच्या घरातल्या मला जेवावयास बोलावीत असे. खेळात दोन माणसांच्या नात्यास आकडे असतात, शून्याखाली शंभरापासून शून्यावर शंभरापर्यंत. भेटीगाठी थांबल्या की आकडा रोज थोडा उतरतो. तो उतरू नये म्हणून ती मला वरचेवर तेथे बोलावीत होती. अशा रीतीने त्या घराचे दिवस पुढे गेले, काका म्हातारा झाला. आमच्या घराची घटका थांबलेली, म्हणून मी तसाच राहिलो. खेळात आता धाकटा भाऊ म्हातारा होता आणि थोरला त्याहून तरुण.

तिने आम्हा दोघांच्या नात्याचा आकडा दाखविला. शंभर होता.

वाचकहो, मी सदतीस वर्षे मुलांना शिकविले. माझ्या घरातील मूल काय गमावून बसले आहे ते मला सोळा वर्षे दिसले नव्हते. काका गेला तेव्हा तिने हट्ट केला नाही, रडली नाही. मोठ्यांच्या भांडणात बोलू नये, हे आम्हीच तिला शिकविले होते. तिने आपल्यापुरते एक घर बांधले आणि रात्री तेथे जाऊन ती माझ्या वतीने माझ्या भावाच्या दारी उभी राहिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. थांबलेले घर तिने बांधले खरे, पण तसेच एक मीही बाळगले होते. माझ्या मनात भाऊ अजून अंगणात फीत धरून उभा होता, सत्तेचाळीस वर्षांचा, काळ्या केसांचा, माझ्या दृष्टीने हटवादी. सोळा वर्षे मी त्याच्याशी मनात वाद घातला तो त्या माणसाशी. निपाणीत खरा माणूस जगत होता, त्याचे दुखत-खुपत होते, त्याचा मुलगा लग्नाचा झाला. तो माणूस मला ठाऊक नव्हता. मुलीने आजीवरील मायेने घर थांबविले. मी रागाने थांबविले. तिच्या थांबविण्याने कोणाचे काही बिघडले नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे निपाणीस निघालो. मी झाडावरून एक फणस उतरविला आणि गोणपाटात बांधला. बेळगावच्या स्थानकावर वाहकाने त्याचे लगेज घेतले. काकती, हत्तरगी, संकेश्वर मागे पडले, तवंदीचा घाट ओलांडला आणि निपाणीत उतरताच तंबाखूचा उग्र वास नाकाला लागला. पत्ता मुलीजवळ होता. चुलतभावाशी तिचे फोनवर बोलणे होत असे, हेही मला तेव्हाच कळले.

दार भावानेच उघडले. खेळातल्याप्रमाणेच त्याचे केस पांढरे झाले होते. एका गुडघ्याने तो अधू झाला होता, ते मात्र खेळात नव्हते. त्याने आधी पुतणीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, “या.”

लहानपणापासून तो मला ‘दादा, तू’ असेच म्हणत आला. त्या ‘या’ने मला माझी जागा दाखविली, आणि ती योग्यच होती. भावजयीने पाणी दिले. बराच वेळ पावसावर व बसच्या गर्दीवर बोलणे झाले. शेवटी मी म्हणालो, “मोजणीच्या दिवशी मी बोललो, ते चुकले. चारचौघांत बोललो, ते अधिक चुकले.”

त्याने उत्तर दिले नाही. उठला, गोणपाट सोडले, फणसावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. “विहिरीकडच्या झाडाचा?”

“हो. तुझा.”

“दोन दिवस लागतील पिकायला,” तो म्हणाला.

जेवणे झाली. मी हात आखडता घेतला तसा तो ताटात भाकरी टाकीत म्हणाला, “घे की दादा, अजून अर्धी.” पुतणी मान खाली घालून जेवत होती.

सर्व काही पूर्ववत झाले असे मी लिहिणार नाही. ते खोटे होईल. विकलेला भाग परत येत नाही, अंगणातील भिंत उभीच आहे. खेळात एका जेवणाच्या आमंत्रणाने आकडा चढतो. माणसांत तो इतक्या लवकर चढत नाही, आणि किती चढला हे कोणी दाखवीतही नाही. आम्ही अजून काही विषय टाळून बोलतो. परंतु आता मी बोलतो ते खऱ्या माणसाशी.

मुलीची रजा संपण्यापूर्वी एक प्रश्न उरला होता. तिने विचारले, “बाबा, मोठे घर चालू करू का? चालू केले तर आजीचे थोडेच दिवस राहिले असतील. एक गुप्त शब्द आहे. तो लिहिला की कोणाचे वय वाढत नाही.”

मी म्हणालो, “तो शब्द नको. चालू कर.”

तीन संध्याकाळी आम्ही सारे त्या पडद्यापुढे बसलो. आईने स्वयंपाक केला, नातवंडांशी गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी मुलीने तेथला दूरध्वनी उचलून काकाला बोलाविले, आणि पांढऱ्या केसांचा धाकटा भाऊ रस्ता ओलांडून त्या सबंध घरात आला. तिसऱ्या संध्याकाळी, हाती कोयता घेतलेली, काळा झगा पांघरलेली आकृती घरात उभी राहिली. खेळात मृत्यू असाच येतो. माझ्या पत्नीने नकळत क्रूसाची खूण केली आणि मग स्वतःशीच ओशाळून हसली. घरातील माणसे भोवती जमून रडली. मुलीने मागच्या झाडाखाली दगड ठेवला. २००८ साली मी वर्गावर होतो. या वेळी निदान घरात होतो. एका खेळाने ती उणीव भरून निघत नाही, हे मी जाणतो. तरी त्या रात्री मी शांत झोपलो.

मुलगी परत गेली. ऑगस्टमध्ये आईच्या स्मरणार्थ मिस्सा झाली, तिला भाऊ सहकुटुंब आला. माझा मुलगा, सून, त्यांची दोन मुले. भावाचा मुलगा, सून, नातू. आणि आम्ही चौघे म्हातारे. पडवी आता अर्धीच उरली आहे, त्यामुळे दाटीवाटीने बसावे लागले. मुलीने आयर्लंडहून फोन केला आणि पंगत दाखवा म्हणाली. दाखविली, तशी ती पाने मोजू लागली.

“अकरा,” ती म्हणाली. “बाबा, खेळाने एवढी माणसे ठेवू दिली नसती.”

“अग, एक पान कमी मोजतेस,” भाऊ मागून म्हणाला. “तुझे पान वहिनीने उंबऱ्यापाशी मांडले आहे.”